मांजरेतून पुद्दुचेरीला: राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७० यांस अनावृत पत्र

मा. राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७० यांस,

स. न. वि. वि.

आम्ही लातूरकर आपल्याला आजवर मांजरा म्हणत आलो, तेही एकेरीत. ‘यंदा आली का गं?’ असं विचारायचं, नाही आली तर ‘रुसली’ म्हणायचं आणि टँकरच्या रांगेत उभं राहायचं, अशी आमची रीत. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडच्या बालाघाटात जन्म, मग लातूर, बीदर, तेलंगण असा सातशेवर किलोमीटरांचा वळसा आणि शेवटी बिलोली तालुक्याच्या कडेनं गोदावरीत विसावा, एवढीच आपली माहिती आमच्याकडे होती. दिल्लीनं आपल्याला बढती दिल्याचं फार उशिरा कळलं. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ या कायद्यानं देशातल्या १११ जलवाटा राष्ट्रीय ठरवल्या आणि त्यात आपल्याला ७० वा क्रमांक मिळाला. ७२ वा क्रमांक नागपूरच्या नाग नदीला आहे. संगत कशी मिळाली ते आपण बघालच. तर आता अगं-तुगं बंद.

हा कायदा अमलात आला १२ एप्रिल २०१६ रोजी. तारीख नीट बघावी. त्याच १२ एप्रिलला पहाटे पाचच्या सुमाराला मिरजेहून निघालेली एक मालगाडी लातूर स्टेशनात शिरली. दहा वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर पाणी. धनेगावचं धरण, म्हणजे आपल्याच अंगावरचं मांजरा धरण, कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लागलं होतं. घागर घेऊन पाच जण एकत्र उभे राहिले तरी कायदा मोडत होता. अशा सकाळी रेल्वे खात्यानं सुमारे ३४० किलोमीटरवरून आम्हाला प्यायला पाणी आणलं, आणि नौवहन खात्याच्या हिशेबात मांजरा जहाजवाहतुकीला लायक ठरली. दोन्ही खाती केंद्राचीच. एकानं दुसऱ्याला फोन केला असता तर रेल्वेचा खर्च वाचला असता. पाणी बोटीनंच धाडता आलं असतं.

‘जलदूत’ हे त्या गाडीचं नाव. त्या वर्षी तिच्या १११ फेऱ्या झाल्या. जलमार्गही १११. ही जुळणी बघून आम्हाला संशय आहे की दोन्हीकडच्या फायली एकाच टेबलावर होत्या. मे महिन्यात रेल्वेनं लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना चार कोटींचं बिलही पाठवलं. आपल्याला असं काही बिल आलं का? जलमार्ग म्हणून मिरवण्याचं भाडं वगैरे?

आता कायद्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. आपला राष्ट्रीय टप्पा सिंगूर धरणापासून खाली गोदावरीच्या संगमापर्यंत, २४२ किलोमीटरांचा. म्हणजे लातूर त्यात येतच नाही. तहानेपायी जगाच्या बातम्यांत गेलं ते आमचं शहर, आणि नदी राष्ट्रीय झाली ती आमची हद्द संपल्यावर. नांदेडकरांचं नशीब बरं. देगलूर-बिलोलीच्या बाजूला आपला काठ त्यांच्याकडे, आणि शहरातून आपले थोरले बंधू, राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४, वाहतात. हे थोरले २००८ साली काकिनाडा ते पुद्दुचेरी कालवे आणि गोदावरी-कृष्णेचे खालचे टप्पे एवढेच होते. २०१६ मध्ये त्यांना गोदावरीवरून भद्राचलमपासून थेट नाशिकपर्यंत ताणलं. सबब विष्णुपुरीचा जलाशय, गुरुद्वाऱ्याचा घाट, बाभळीचा बंधारा हे सगळं आता एका राष्ट्रीय हमरस्त्यावर आहे.

हे वाचल्यावर आम्ही गप्प बसणं शक्य नव्हतं. आम्ही मोटारबोटीनं निघायचं ठरवलंय. कागदावर वाट स्वच्छ आहे. धनेगावला बोट पाण्यात सोडायची. लातूर, बीदर, सिंगूर करत कंदकुर्तीच्या संगमाला यायचं. तिथं नांदेडचे मित्र विष्णुपुरीहून आपली बोट घेऊन भेटणार. मग गोदावरीनं राजमहेंद्री, कालव्यानं एलुरू, कृष्णा ओलांडून बकिंगहॅम कालवा आणि समुद्र डाव्या हाताला ठेवत चेन्नईवरून पुद्दुचेरी. कोकणातले लोक सातशे-वीस किलोमीटरांच्या किनाऱ्याचा तोरा मिरवतात. आमचा किनारा कायद्यानं मिळालेला आहे, आणि तो मोजला तर त्यांच्याहून लांब भरेल.

बोट मिळेल. काळजी इंजिनाची आहे.

बोटीचं इंजिन थंड राहतं ते बाहेरच्या पाण्यावर. बुडाला एक भोक, त्याला जाळी, आत रबरी पात्यांचा एक लहानसा पंप. त्याला इम्पेलर म्हणतात. तो पाणी ओढतो, इंजिनाभोवती फिरवतो आणि धुराड्यातून बाहेर टाकतो. पाणी आलं नाही तर ही रबरी पाती काही मिनिटांत जळून तुकडे होतात, आणि ते तुकडे पुढच्या नळ्यांत अडकून आणखी घोळ घालतात. कोकणात एका मोटारबोटीत मी हे पाहिलंय. भर खाडीबाहेर इंजिनाचा आवाज बदलला, धूर आला, तांडेलानं इंजिन बंद केलं. लाटांवर हेलकावे खात आम्ही सगळे देवाधर्माला लागलो आणि खलाशी उलटा होऊन जाळी चाचपत बसला. निघाली एक दुधाची पिशवी. चहूबाजूंनी अरबी समुद्र, आणि इंजिन पाण्यावाचून तापलेलं.

ही हकिगत आमच्या इंजिनवाल्या मामांना सांगितली. मामांचं आयुष्य विहिरीवरच्या डिझेल इंजिनांत गेलं; समुद्र त्यांनी कॅलेंडरवर पाहिलाय. त्यांनी बिडी विझवली आणि म्हणाले, “पाणी ओढंना झालं की आधी फुटबॉल बगावा.” (विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी जी झडप असते, तिला आमच्याकडे फुटबॉलच म्हणतात, फिफाचा काही संबंध नाही.) मग थोडं थांबून म्हणाले, “तिकडं पाणी असून इंजिन हवा घ्यायलंय, हिकडं नसून घ्यायलंय. बिमारी एकच हाय.”

त्याच दिवशी मामांची मुख्य अभियंता म्हणून नेमणूक झाली. पाण्यावाचून इंजिन चालवण्याचा इतका अनुभव असलेला माणूस मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरसुद्धा मिळणार नाही. पाइपात पाणी ओतून प्रायमिंग कसं करायचं, पॅकिंगमधून हवा येत असेल तर शेण-माती कुठं लिंपायची, कातडी वायसर घरच्या घरी कसा कापायचा, हे सगळं त्यांना तोंडपाठ. वाळूनं पंखा घासून गेला तर काय करायचं, हेही.

पण मामांनी नकाशा पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “नागझरीला काय करायचं?” नागझरी, साई, डोंगरगाव हे आपल्यावरचे बॅरेज, मधले कोल्हापुरी बंधारे वेगळेच. लातूरची तहान यांच्यावरच अवलंबून, त्यामुळे कुणी दार उघडणार नाही आणि आम्ही सांगणारही नाही. म्हणजे प्रत्येक ठिकाणी बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवायची, पलीकडे नेऊन उतरवायची. चार बंधाऱ्यांनंतर बोट पाण्यात किती आणि ट्रॉलीवर किती, असा हिशेब मामांनी केला आणि ट्रॉलीच पुद्दुचेरीला न्यावी, असा प्रस्ताव मांडला. तो विचाराधीन आहे.

बरं, हे झालं आमच्या हद्दीतलं, राष्ट्रीय नसलेलं. आपल्या खास राष्ट्रीय टप्प्यात तरी काय? सिंगूरहून निघालं की पुढं निजामसागर. निजामाच्या राजवटीत १९३१ साली पुरं झालेलं धरण, नदीच्या आडवं. त्यातून बोट जायला वाट ठेवलेली नाही, कारण निजामाला जलमार्ग काढायचा नव्हता, शेतं भिजवायची होती. २०१६ चा कायदा लिहिणाऱ्यांना पंचाऐंशी वर्षं उभी असलेली ही भिंत दिसली नाही, की दिसूनही बोट तिच्यावरून उडी मारेल असं वाटलं? १८५२ मध्ये धवळेश्वरमला गोदावरी अडवताना आर्थर कॉटननं बोटी वर-खाली करायला दारांचे हौद बांधले होते. त्याच्या मागून आलेल्या गोऱ्या इंजिनिअरांनी हिंगणघाटच्या कापसासाठी वरची गोदावरीही जलमार्ग करायला घेतली, पैसा ओतला आणि खडकांपुढे हात टेकून १८७१ साली काम सोडून दिलं. म्हणजे त्यांनी आधी काम करून मग नाद सोडला. आपल्याकडे थेट क्रमांकच देऊन टाकला.

नांदेडच्या मित्रांची अडचण निराळी. विष्णुपुरीहून त्यांनी बोट सोडली तर शहराजवळच जलपर्णी पंख्याला गुंडाळते, ते एक. पण खरी मौज बाभळीला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं की १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याची दारं वर राहतील. म्हणजे आमच्या मित्रांची बोट जाऊ शकते फक्त त्या काळात, भर पुरात. २९ ऑक्टोबरला दारं खाली आली की प्रवास रद्द. समुद्रातल्या बोटींचं वेळापत्रक भरती-ओहोटी बघून लावतात. आमचं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं लावून दिलंय. असा मान कुणाला मिळतो?

आणि नांदेडला मोटारबोटी नाहीत असं कुणी समजू नये. रात्री गोदावरीच्या काठावर जा, डिझेल इंजिनांचा आवाज येतो. तराफे, बोटी, त्यांवर सक्शन पंप, तळातली वाळू उपसून काठावर. अधूनमधून महसुलाचं पथक येतं आणि जिलेटिन लावून त्या बोटी उडवून देतं. एक खातं नदीत बोटी याव्यात म्हणून कायदा करतं, दुसरं आलेल्या बोटी फोडतं. यात महसूलवाल्यांचं काही चुकत नाही. मामांना मात्र त्या इंजिनांसाठी वाईट वाटतं. आपल्या टप्प्यात येसगी, सगरोळी, गंजगावची लाल रेती तर प्रसिद्धच आहे. तिथून हायवा भरून निघतात. राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७० वरची मालवाहतूक सुरू झालेली आहे, असं आपण नोएडाच्या अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाला खुशाल कळवावं. माल म्हणजे आपलाच तळ, एवढंच.

दुसऱ्या बोटी आल्या होत्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये. आपलीच उपनदी लेंडी एका रात्रीत मुखेड तालुक्यात चढली. हसनाळ, रावणगावात घरांत पाणी शिरलं, माणसं गेली, आणि बचाव दलाच्या बोटींमागोमाग सैन्यालाही बोलवावं लागलं. त्या दिवशी कुणाच्या इंजिनाला पाणी कमी पडलं नसतं. त्याबद्दल या पत्रात विनोद नाही. पण इतकं विचारायचंच आहे: ज्या खोऱ्यात एका साली रेल्वेनं पाणी आणावं लागतं आणि दुसऱ्या साली बोटीनं माणसं काढावी लागतात, तिथं बारमाही बोट चालेल असं कुणी कुठल्या महिन्यात बघून लिहिलं? सगळ्यात खालच्या वर्गाच्या जलमार्गालाही १.२ मीटर खोली लागते, असं प्राधिकरणाचंच माप आहे. ती खोली एप्रिलात येसगीच्या पुलाखाली दाखवावी. पट्टी आम्ही आणतो.

खरं सांगायचं तर आम्हाला बोट हवीच आहे. धनेगावचं दार एकाच्या हातात, सिंगूरचं दुसऱ्याच्या, निजामसागरचं तिसऱ्याच्या, बाभळीचं न्यायालयाच्या. पूर आला की प्रत्येक जण आपलं दार उघडून मोकळा, उन्हाळा आला की प्रत्येक जण लावून बसतो. आपल्याला अख्खी नदी म्हणून पाहणारं एकही कार्यालय नाही. ते काम एखादी नादुरुस्त मोटारबोटच करू शकेल, कारण तिला प्रत्येक भिंतीपाशी थांबून दार ठोठावावंच लागेल.

संगमापुढची वाट थोडक्यात सांगतो. श्रीरामसागर, मग कालेश्वरमचं मेडिगड्डा, जिथले खांब २०२३ च्या ऑक्टोबरात खचले. मग पोलावरमचं काम. चेन्नईत बकिंगहॅम कालव्यात उपनगरी रेल्वेचे खांब उभे आहेत. त्यांतून बोट काढायला मामांनी आतापासून रिक्षावाल्याची शिकवणी लावली आहे.

विनंती एवढीच, की पहिल्या फेरीला प्राधिकरणाचा एक अधिकारी नोएडाहून पाठवावा. जीवरक्षक जाकीट त्यांचं त्यांनी आणावं. पायांत चप्पल नको, बूट असावेत. बराचसा प्रवास चालत आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक लातूरकर

ता. क. मामांनी सुट्या भागांची मागणी दिली आहे, ती प्राधिकरणाकडे पुढे पाठवावी. इम्पेलर सहा, पंखे तीन, डिझेल फिल्टर डझनभर, गॅसकेट, दोरी, आणि इंजिन थंड ठेवायला पाण्याचा टँकर एक. टँकर नदीच्या पात्रातूनच येईल, रस्ता चांगला आहे. फक्त तो बोटीच्या पुढं चालवायचा की मागं, ते लेखी कळवावं.