मांजरवाल्या काकू

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, लिफ्ट बंद पडायचा एक ठरलेला वार असतो आणि एक मांजरवाल्या काकू असतात. सेक्रेटरी पाच वर्षांनी बदलतो, लिफ्टचा वार मेकॅनिकच्या सोयीने बदलतो. काकू बदलत नाहीत.

काकूंचं आडनाव फक्त विजेच्या बिलावर उरलेलं असतं. गॅसवाला, कुरिअरचा पोरगा, रद्दीवाला, सगळे 'मांजरवाल्या काकूंचा फ्लॅट कुठला' असंच विचारतात आणि वॉचमन बोट न दाखवता नाक वर करून मजला सांगतो. बँकेत आयुष्यभर 'साहेब' म्हणवून घेतलेले काकाही निवृत्तीनंतर 'मांजरवाल्या काकूंचे मिस्टर' या पदावर रुजू झालेले असतात. या पदाला पगार नाही, रजा नाही, आणि कामाचं स्वरूप एका ओळीत सांगायचं तर 'मागचे पाय धरणे'. त्याविषयी पुढे येईलच.

काकू बहुतेक वेळा कट्टर शाकाहारी असतात. माहेरी अंड्याचा केकसुद्धा दाराबाहेर खाल्लेला. पण आज मासळीबाजारात कोळणी त्यांना लांबून हाक मारतात. "ये गो काकी, पोरांसाठी मांदेलीचा वाटा काढून ठेवलाय!" काकू बांगड्याचे कल्ले उचलून बघतात, कालचा आहे म्हणून परत टाकतात आणि भावात घासाघीसही करतात. ज्या पदार्थाची चव त्यांनी जन्मात घेतलेली नाही, त्याचा ताजेपणा त्यांच्याइतका सोसायटीतल्या अट्टल मासेखाऊलाही कळत नाही. मासे शिजतात बाल्कनीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात. काटे काढून, भातात कालवून, कांदा-लसणाविना. कारण कांदा-लसूण मांजराच्या पोटात गेला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे काकूंना पाठ आहे. त्यामुळे त्या घरात बाराही महिने चातुर्मास पाळणारी मंडळी म्हणजे ही मांजरं. मासे तेवढे सोडायचे.

तुम्ही चुकून म्हणालात की, "आमच्या आजोळी मांजर नुसत्या दूधपोळीवर वाढायचं", तर संपलंच. काकू तुम्हाला जिन्यातच उभं करून सांगतील की मोठ्या मांजराला दूध सहसा पचत नाही, अनेकांना जुलाब होतात. मांजराला टॉरीन नावाचं द्रव्य मांसामाशांतूनच मिळतं. ते नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय मोठं होतं. आजोळचं मांजर दूधपोळीवर नाही, कणगीमागच्या उंदरांवर वाढत होतं. तुमचं आजोळ असं दोन मिनिटांत मोडीत निघतं आणि भाजीची पिशवी हातात तशीच राहते.

मांजरांची नावं हे काकूंच्या हातातलं शस्त्र आहे. पहिल्या पिढीची नावं साधी, रंगावरून ठेवलेली. काळू, भुरी, पांढरी. मग खाण्याची आली. जिलबी, सुकट, चकली. पण पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीच्या चाकावर फवारा मारून आपली हद्द आखणाऱ्या, कान फाटलेल्या, गलेलठ्ठ बोक्याचं नाव त्यांनी 'सेक्रेटरी' ठेवलं आहे. रोज सकाळी जिन्यातून खणखणीत आवाज येतो. "सेक्रेटरी, लाज वाटते का? परत पायपुसण्यावर?" खरे सेक्रेटरी त्या वेळी दूध घ्यायला दार उघडत नाहीत.

काकूंचं वैद्यकीय ज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. स्वतःची साखर शेवटची कधी तपासली हे त्यांना आठवत नाही, पण भुरीचं क्रिएटिनिन गेल्या तीन रिपोर्टांत किती होतं ते त्या झोपेतही सांगतील. तिरंगी मांजर घेऊन कोणी 'हा आमचा राजा' म्हणून आलं, की त्या शेपटी न उचलताच सांगतात, "राजा नाही, राणी आहे." मांजराच्या अंगावरचा काळा आणि नारिंगी रंग एक्स गुणसूत्रावरून ठरतो आणि दोन्ही रंग एकत्र दिसायला सहसा दोन एक्स लागतात. म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. हे त्यांना कॉलेजने शिकवलेलं नाही, शेकडो शेपट्यांनी शिकवलं आहे.

या ज्ञानाची झळ घरच्यांनाही बसते. काकांना एकदा ताप आला. थर्मामीटर बघून काकू म्हणाल्या, "एकशे एक? अगदी नॉर्मल." मांजराचं निरोगी तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्या हिशेबाने बरोबरच होतं. काकांनी आपल्या हाताने पॅरासिटामॉल घेतली. तर ती पट्टी कुलपात ठेवा म्हणून काकूंनी त्यांना झोपेतून उठवलं. मांजराच्या यकृताला हे औषध पचवता येत नाही आणि माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. 'बिचारीला ताप होता म्हणून अर्धी दिली' असा फोन रात्री आला, तर पलीकडच्या माणसाला काकू आधी दवाखान्याचा पत्ता देतात आणि मग शिव्या. हा क्रम त्या कधी चुकवत नाहीत.

आता मागच्या पायांकडे वळू. मांजराला गोळी देणं हा या घरातला रोजचा संस्कार आहे. काकू गोळीचे ब्लेडने चार तुकडे करतात, एक तुकडा बोटांच्या चिमटीत धरतात आणि चेहरा असा ठेवतात की जणू आपण शेंगा सोलायला बसलोय. मांजर फसत नाही. ते पलंगाखाली जातं. काका झाडू घेऊन आडवे होतात. मग जुना टॉवेल येतो, त्यात मान बाहेर ठेवून मांजर घट्ट गुंडाळलं जातं, काका मागचे पाय धरतात, काकू जबडा उघडून गोळी जिभेच्या मुळाशी ठेवतात, तोंड मिटतात, गळ्यावरून बोट फिरवतात. मांजर गिळल्याचा अभिनय करतं. काकू "शाब्बास गं माझी बाय" म्हणतात. औषध कडू असेल तर पुढची पाच मिनिटं तोंडातून फेस गाळत ते घरभर आपल्यावरचा अन्याय जाहीर करत फिरतं. गोळी तिसऱ्या दिवशी काकांच्या चपलेत सापडते.

भुरीचं मूत्रपिंड थकलंय. तिला दिवसाआड सलाइन लागतं, ते शिरेतून नाही, मानेमागच्या सैल कातडीखाली. बाटली कोमट पाण्यात धरून गरम करायची, पडद्याच्या दांडीला अडकवायची, कातडीचा तंबू उचलून सुई आत. भुरीच्या पाठीवर उंटासारखी मदार येते आणि थोड्या वेळाने ती एका खांद्यावर घसरते. नेमकं हे चालू असताना मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येतात. काकू एका हाताने बाटली धरून दुसऱ्या हाताने कुंकू लावतात. वाण म्हणून गेल्या वर्षी त्यांनी जंताच्या औषधाची ड्रॉपर-बाटली दिली होती. "वर्षातून दोनदा तरी द्या गं, माणसांनाही फायदा."

काकू परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटलात जायला निघतात, ते लोकलनेच. जुने मुंबईकर त्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे बैल आणि घोडे तिथे बरे व्हायचे, आता काकूंचे बोके होतात. एकदा परतीच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, त्या मोठ्याने फोनवर बोलत होत्या. "काल रात्रीपासून लघवी नाही. तुंबली होती. कॅथेटर घातलाय, आता बघू." शेजारच्या बाई सरकल्या. चौथ्या सीटवरची उठली. कोणीतरी विचारलं, "वय काय हो?" "चार." अख्खा डबा हळहळला. "मुलगा?" "बोका." डबा शांत झाला. उठलेली बाई पुन्हा बसली. पण कल्याण यायच्या आत खिडकीजवळच्या मुलीने दबक्या आवाजात विचारलं, "काकू, आमचा पण सारखा त्या मातीत जाऊन नुसता बसतोय सकाळपासून…" काकूंनी तिला पुढच्याच स्टेशनला उतरवलं आणि बोक्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने म्हणून घरी पिटाळलं. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. ती तुंबली तर एका-दोन दिवसांत खेळ संपतो. ओळखी वाढतात त्या अशा.

याच काकूंनी एफआयपीसाठी एफडी मोडली. एफआयपी हा मांजराच्या कोरोनाविषाणूपासून होणारा आजार. माणसांच्या कोविडशी त्याचा संबंध नाही, पण तो झाला की मांजर जाणार हे काही वर्षांपूर्वीपर्यंत ठरलेलं असायचं. मग रेमडेसिविरच्या जवळच्या नात्यातलं जीएस-४४१५२४ हे औषध निघालं. २०१९ साली त्याचे चांगले निकाल प्रसिद्ध झाले आणि ८४ दिवसांचा कोर्स जगभरच्या मांजरवाल्यांच्या तोंडी बसला. रोज एक डोस, न चुकता. काकांनी विचारलं, "एफडी मुदतीआधी मोडली? व्याज गेलं की!" काकू म्हणाल्या, "व्याज नंतरही मिळतं." चकली आज फ्रिजवर बसून काकांकडे वरून बघते. व्याजाचा विषय पुन्हा निघालेला नाही.

आणि काका? 'मला मांजरं मुळीच आवडत नाहीत' असं ते प्रत्येकाला सांगतात. पण डोळेही न उघडलेली पिल्लं घरात आली, की रात्री दोन-तीन तासांनी उठून गरम पाण्याची पिशवी बदलणारे, त्यांना पालथं धरून पावडरचं दूध पाजणारे आणि ओल्या कापसाने पुसून त्यांना शू करायला लावणारे तेच असतात. एवढ्या लहान पिल्लांना ते स्वतःहून जमत नाही. शिवाय बँकेची सवय. रव्याच्या काट्यावर रोज वजन आणि जुन्या डायरीत नोंद. 'काल १०५, आज ११४, वाढ ९. समाधानकारक.' एखाद्या पिल्लाचं वजन घटलं की खाली लाल शाईने रेघ येते आणि त्या दिवशी काका जेवत नाहीत.

मांजर गेलं की काकू रडत नाहीत, भांडतात. वॉचमनशी, दूधवाल्याशी, पार्किंगमध्ये जोरात गाडी घालणाऱ्या तरुणाशी. ज्याच्याशी भांडण होईल त्याने समजून घ्यावं, कोणीतरी गेलंय.

सोसायटीच्या वार्षिक सभेत 'मांजरांचा बंदोबस्त' हा विषय पाण्याच्या टाकीच्या आधी येतो. बॉनेटवर पंजे, कव्हरवर केस, वाळूच्या ढिगात घाण, आणि एका सभासदाच्या मुलाला झालेलं गजकर्ण. काकू स्वतःचा हात दाखवतात, "मलाही झालंय, मलम लावतेय. औषध आहे त्याला." मग लॅमिनेट केलेला कागद निघतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, १९६०. सभा दोन-तीनदा तहकूब होते आणि शेवटी ठराव होतो की संबंधितांना विनंती करावी. संबंधित समोरच बसलेल्या असतात, पिशवीतून सुकटीचा वास येत असतो.

गंमत अशी, की मांजरांचा खरा बंदोबस्त एकट्या काकूच करत असतात. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण दोन महिन्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. हा गुणाकार कोणत्याही ठरावाने थांबत नाही. तो ऑपरेशनने थांबतो. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा उंदरांचा प्रश्न होता. मांजराला पिंजऱ्यात कोण घालणार हा महानगराचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये स्टुलावर बसलेलं असतं. पिंजऱ्यात बोंबलाचा तुकडा, हातात दोरी, शेजारी जांभया देणारा वॉचमन. एका कानाचं टोक कापलेलं मांजर दिसलं, की त्याचं ऑपरेशन झालेलं आहे, पुन्हा धरू नये, अशी ती खूण असते. बी विंगमधल्या आजी ते कान बघून "काकू मांजरांना छळतात" म्हणून तक्रार करतात. आणि सभेत सर्वांत मोठ्याने बोलणारे सभासद रात्री हळूच वर येऊन काकूंच्या दारात बुटांचं खोकं ठेवून जातात. आत चार पिल्लं. काकूंना खोक्यावरचा बुटाचा नंबर बघून विंग कळते.

काकू तऱ्हेवाईक आहेत, फटकळ आहेत, त्यांच्याकडे चहा प्यायचा तर कपात केस सापडतो. पण सोसायटीने जे काम एकत्र येऊन करायचं, ते त्या एकट्या, पदरचे पैसे घालून आणि वर बोलणी खाऊन करतात. त्यांना वेडी म्हणणं सोयीचं आहे, कारण मग आपल्याला काही करावं लागत नाही. तेव्हा आडोशाला पिल्लं दिसली तर लगेच उचलू नका. लांब उभं राहून काही तास बघा, आई बहुधा एकेकाला हलवत असते. पावसाळ्यात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, उबेला कोणीतरी आत शिरलेलं असतं. आणि काकूंच्या दारात काही ठेवायचंच असेल, तर एका ऑपरेशनचे पैसे ठेवा. पिल्लं त्यांच्याकडे भरपूर आहेत.