शिवणयंत्राची बैठक: एक स्थलांतरविषयक विवेचन

लातूर पॅटर्न, म्हणजे बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांपासून सुरू होऊन डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेपर्यंत पोचलेली इथली शिकवणीपरंपरा, हिची शिक्षणाच्या अंगाने पुष्कळ चर्चा झाली असली, तरी तिच्यापायी जुन्या पायमशिनींची जी फरफट झाली तिच्याकडे अभ्यासकांनी साफ काणाडोळा केला आहे. अहमदपूर, मुखेड किंवा देगलूरकडचे बिऱ्हाड मुलाच्या शिकवणीसाठी लातुरात भाड्याच्या खोलीत येते, तेव्हा गॅसची शेगडी आणि ज्वारीचे पोते यांच्यामागोमाग आईचे शिवणयंत्रही येते. कारण खोलीचे भाडे शिकवणीवाले भरत नाहीत आणि ब्लाउज शिवून देणारी बाई शेजाऱ्यांना हवीच असते. मात्र ज्या ओतीव लोखंडी स्टँडवर हे यंत्र बसते, तो पायडल, मोठे चाक आणि चामडी पट्टा यांसह जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडतो आणि घरमालक फरशीची चौकशी करू लागतो.

यावरचा उपाय म्हणजे लाकडी बैठक, अर्थात यंत्राचे वरचे धड ज्यात बसवता येते ती उघड्या तोंडाची पेटी. ही युक्ती सुताराने आज काढलेली नाही. आयझॅक सिंगर यांनी 1851 साली पेटंट घेतलेले यंत्र ज्या खोक्यातून गिऱ्हाइकाकडे जाई, तेच खोके यंत्राखाली टेबल म्हणून वापरले जाई. नक्षीदार लोखंडी स्टँडचा थाट नंतरचा. (गांधीजींनी 1924 साली यंत्रांवर टीका करताना सिंगरच्या यंत्राला सूट दिली, ती पत्नीचे कष्ट पाहून सिंगरना ते यंत्र सुचले या समजुतीने; पण सिंगर एकाच वेळी अनेक संसार चालवीत असल्याने नेमक्या कोणत्या पत्नीचे, हे ठरवणे अवघड आहे.)

जुन्या सिंगर किंवा उषा यंत्राचा तळ सुमारे 37 सेंटिमीटर लांब आणि 18 सेंटिमीटर रुंद असतो, आणि त्याच्या मागच्या कडेतील दोन भोकांत बिजागरीच्या खुंट्या जातात, ज्या खालून स्क्रूने आवळाव्या लागतात. तळाखाली दांडे आणि बॉबिनची डबी लोंबत असल्याने पेटीला खोली हवी, आणि उजवीकडचे चाक तळाच्या पातळीखाली उतरत असल्याने तिथे खाच हवी. ही खाच विसरणारे सुतार संख्येने कमी नाहीत. खरी परीक्षा तेल घालताना होते. यंत्र खुंट्यांवर मागे कलंडवले, की 12 किलोंच्या आसपासचे ते धड हलक्या पेटीलाही सोबत नेऊ पाहते, म्हणून बलाचे आघूर्ण, म्हणजे वस्तू फिरवण्याची बलाची क्षमता, हा धडा ज्यात आहे ते जाडजूड गाइड पेटीच्या पुढच्या कडेवर ठेवले जाते. मुलाने ते उघडले नसले तरी वजन तेवढेच भरते.

पायडल गेल्यावर मोटार लावावी तर विजेचा भरवसा नाही, म्हणून हँडल येते. त्यासाठी चाकाला आरे असावे लागतात, कारण हँडलची अडकण त्यांतच बसते. चाक भरीव असेल तर आधी चाक बदलावे लागते. हँडलचा खरा दोष असा, की पायडलवर मोकळे राहणारे दोन हात इथे एकावर येतात आणि कापड धरायला डावाच उरतो. रविवारी गावाकडून डबा घेऊन आलेल्या वडिलांना त्यामुळे हँडलवर बसवले जाते. ते पहिल्याच फेऱ्याला हँडल उलटे फिरवतात, दोरा गुंततो, आणि त्यांना भाजी आणायला धाडले जाते.