डॉक्टर, एक लाल मारा!

पूर्वी आमच्या सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी शुगरची चौकशी व्हायची. हल्ली बी-ट्वेल्व्हची होते. 'तुमचं किती?' 'एकशे ऐंशी.' 'हॅ, हे काय! माझं एकशे बारा.' ज्याचा आकडा कमी तो वरचढ. दहावीचा निकाल उलटा धरून वाचल्यासारखं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा तर दोन आकडी निघाला. तेव्हापासून लिफ्टमध्ये त्यांना आधी जाऊ देतात.

मीही या मंडळाचा सभासद. 'संपूर्ण आरोग्य तपासणी, घरबसल्या, सणानिमित्त खास सवलत' ही जाहिरात पाहून रक्त दिलं. (सणाचा आणि रक्ततपासणीचा संबंध काय, हे विचारायचं नसतं.) अठरा पानी रिपोर्ट आला. सतरा पानांवर मी ठणठणीत. अठराव्यावर ठळक अक्षरांत १४८ आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण. तो बाण दिसेपर्यंत माझं बरं चाललं होतं. त्या दुपारी मला जिना चढवेना.

दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. 'थकवा येतो?' या प्रश्नाला 'छे, मुळीच नाही' म्हणणारा चाळिशीपुढचा मराठी माणूस कुणाला भेटला असेल तर कळवा. 'मुंग्या येतात?' तासभर बाहेरच्या लोखंडी बाकड्यावर मांडी घालून बसल्यावर कुणाला येणार नाहीत? झालं निदान. 'पाच घेऊन टाका, दिवसाआड.' घेऊन टाका! जसे काही आंबे उतरलेत.

काय जेवता, हे विचारलं नाही. दूध पिता का, अंडं खाता का, ॲसिडिटीची गोळी किती वर्षं चालू आहे, काही नाही. माझ्यामागे बावीस नंबर होते, हेही खरं.

आतल्या खोलीत कंपाउंडर होता. तपकिरी काचेची, करंगळीएवढी ॲम्प्यूल. उजेडात औषध खराब होतं म्हणून काच तपकिरी. तिच्या मानेवर त्याने पात्याचा एक ओरखडा काढला, अंगठा लावला, टक्. सिरिंजमध्ये जे चढलं ते मला औषध वाटेना, कोकमाचं आगळच. 'दंडात की कमरेत?' हे त्याने 'साखर एक की दोन' च्या चालीवर विचारलं. मग स्पिरिटचा बोळा, एक कळ, 'चोळा जरा', आणि पुढचा नंबर. खरं सांगतो, बाहेर येताना छाती पुढे काढून चालत होतो. औषध अजून दंडातच होतं, तरी गुण आला होता.

आता त्या आगळाचा हिशोब. माणसाला दिवसाला बी-ट्वेल्व्ह लागतं साधारण सव्वादोन मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक कण घ्यावा, त्याचे पंचवीसेक तुकडे करावेत आणि त्यातला एक तोंडात टाकावा, एवढीच ती गरज. सुईत होतं १५०० मायक्रोग्रॅम. म्हणजे दोन वर्षांना थोडा कमी पडेल एवढा शिधा एका टोचणीत! यकृत त्यातलं ठेवता येईल तेवढं ठेवून घेतं, उरलेलं एक-दोन दिवसांत लघवीवाटे जातं. अशा पाच. शहरातल्या माणसांत कमतरता असेल. ड्रेनेजलाइन मात्र सुदृढ आहे. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेणाऱ्यांना तर हे रोज सकाळी पिवळंधमक दिसतं. तो रंग बी-टूचा, जास्तीचा म्हणून बाहेर टाकलेला. पण लोक म्हणतात, 'बघा, उष्णता पडतेय!'

थांबा. 'मी म्हणतच होतो, हे सगळं थोतांड' म्हणत ज्यांनी चष्मा पुसायला घेतलाय, त्यांनी तो परत चढवावा. कमतरता खोटी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासून २००६ साली निष्कर्ष छापले. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले, असे तिन्ही प्रकारचे पुरुष. एकूण ६७ टक्क्यांचं बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. आणि मध्यमवर्गाचं? ८१ टक्के. खात्यापित्या घरचे म्हणतात ते हेच.

कारण सोपं आणि अवघड जागेचं. बी-ट्वेल्व्ह कुठलंही झाड बनवत नाही. ते जिवाणू बनवतात आणि आपल्यापर्यंत येतं ते जनावरांमार्फत: मटण, मासे, अंडी, दूध. पालकात नाही, खजुरात नाही, भिजवलेल्या बदामात नाही. बीट लाल असतं म्हणून सकाळी किसून खाणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. शाकाहाऱ्याला उरलं दूध. पाव लिटरमध्ये मिळतं जेमतेम एक मायक्रोग्रॅम. आणि आपण चहात घातलेल्या दोन चमच्यांना 'दूध घेतो ना रोज' म्हणतो.

आमच्या एका आत्याबाईंना डॉक्टरांनी (दुसऱ्या, हे जेवणाचं विचारणारे निघाले) सांगितलं, अंडं सुरू करा. 'अंडं नाही हं चालणार. सुई चालेल.' त्यांच्याकडे नातवाचं ऑम्लेट गॅलरीत, वेगळ्या तव्यावर, वेगळ्या शेगडीवर होतं आणि तवा घरात येत नाही. त्याच आत्याबाई रात्री जेवण झालं की देवाला हात जोडून व्हिटॅमिनची कॅप्सूल गिळतात. पुष्कळशा कॅप्सूलचं ते चकचकीत कवच जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन होतं जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. दिवाळीला जायचंय तिकडे. सुईतलं औषध मात्र कारखान्यातल्या टाक्यांत जिवाणूंकडून करून घेतात, तेव्हा सुईला सोवळ्यात यायला हरकत नाही.

आणि या सोवळ्यातल्या सुईचं मूळ कशात? कच्च्या कलेजीत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला पर्निशस ॲनिमिया (बी-ट्वेल्व्ह अंगी लागेनासं झालं की होणारा) झाला की माणूस जायचा. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी अशा रोग्यांना रोज ताटभर कलेजी खायला घालून उठवून बसवलं. १९३४ साली नोबेल मिळालं. कलेजीत नेमकं काय होतं ते लाल स्फटिकांच्या रूपात हाती लागायला १९४८ उजाडलं. रंग कोबाल्टचा, एका धातूचा. रक्ताचा नव्हे. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग सुई घ्यावी की नाही? ज्यांचा तोल जातोय, पाय बधिर झालेत, ज्यांच्या जठराचं ऑपरेशन झालंय, त्यांनी जरूर घ्यावी आणि लवकर घ्यावी, कारण मज्जातंतू एकदा फार बिघडले की मागाहून कितीही लाल ओता, पुरते सुधारतीलच असं नाही. बाकी बहुतेकांचं काम गोळीने होतं. १००० मायक्रोग्रॅमची गोळी घेतली आणि पचनाची नेहमीची यंत्रणा संपावर असली, तरी त्यातलं शेकडा एक आपोआप झिरपतं. म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, चार दिवसांची बेगमी. पण गोळीत मजा नाही हो. तिला कंपाउंडर लागत नाही, बाही वर करावी लागत नाही आणि बाकावर येऊन 'आज तिसरी झाली' असं दंड चोळत सांगता येत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची गोष्ट याहून कडू आहे. बारा वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन, आठ वर्षं उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी. दोन्ही दीर्घकाळ घेतल्या की बी-ट्वेल्व्ह उतरू शकतं, हे गोळ्या लिहून देणाऱ्यांना माहीत असतं आणि घेणाऱ्यांना नसतं. तळपायाला मुंग्या आल्या तेव्हा काकांनी वर्षभर काशाच्या वाटीने तूप चोळलं. मग कुणाच्या तरी सल्ल्याने 'नसांची' गोळी स्वतःच सुरू केली आणि एकाच्या दोन केल्या. या मिश्र गोळ्यांत बी-सिक्स असतं आणि ते बेसुमार झालं तर त्यानेही मुंग्याच येतात! शेवटी रक्त तपासलं, पाच सुया झाल्या, काकांनी 'ताकद आली' असं जाहीर केलं आणि विषय मिटवला. जेवण तेच, दोन्ही गोळ्या त्याच. सहा महिन्यांनी आकडा पुन्हा खाली. ज्यांना नको ते वर्षभर टोचून घेतात. ज्यांना कायम हवं ते पाचावर थांबतात.

यात मला राहून राहून आठवते लुसी विल्स. १९२८ च्या सुमारास ही इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडायच्या, कित्येक दगावायच्या. परळच्या हाफकिन संस्थेत बाईंनी काम मांडलं आणि पहिली चौकशी केली ती जंतूंची आणि जेवणाची: या बायका खातात काय? जंतू सापडेनात, ताट मात्र सापडलं. मग तसंच निकस जेवण माकडांना घालून पाहिलं, तीही आजारी पडली. त्यांना बरं केलं कशाने, तर पावाला लावायच्या मार्माइट नावाच्या काळ्या यीस्टच्या लगद्याने. बायकांनाही त्यानेच गुण आला. त्या लगद्यात होतं ते फोलेट, बी-ट्वेल्व्हचंच चुलत भावंड. नाव नंतर मिळालं. जेवणाचा प्रश्न आधी विचारला होता.

त्याच परळात आता गिरण्या नाहीत, टॉवर आहेत. राबणाऱ्या बायका कुठेच गेलेल्या नाहीत. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी पहाटे चारला पाण्यासाठी उठतात, मग सहा घरं, मग स्वतःचं. गेल्या महिन्यात ओट्याशी उभ्या उभ्या त्यांनी भिंत धरली. 'काही नाय दादा, ताकदीची सुई संपली वाटतं आंगातली. आज मारून येते.' दर दोन महिन्यांनी दीडशे रुपये देऊन त्या लाल मारून येतात. का, तर 'लाल हाय ना, रगात वाढतं.' ते कोबाल्टचं वाक्य इथे लागणार होतं.

मावशी मासे खातात, रविवारी कोंबडी असते. बी-ट्वेल्व्ह त्यांचं बाकावरच्या सगळ्यांपेक्षा बरं निघावं. मी आग्रहाने रक्त तपासायला लावलं आणि तसंच निघालं: सव्वातीनशे. हिमोग्लोबिन मात्र आठ. कमी होतं ते लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका ॲनिमियाच्या निघाल्या. त्यांच्यासाठी बाकावर कुणी आकडे मोजत बसत नाही.

'मावशी, सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात. फुकट.' त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी येताना पिशवीतून पाकिटं घेऊनच आल्या, दोन वर्षांची साठवण. आशाताईंनी दिलेली, एकही न फोडलेली. पोट बिघडतं, संडासला काळं होतं म्हणून ठेवून दिलेली. जेवल्यावर घ्या, लिंबू पिळून खा, चहा लगेच पिऊ नका, मला ठाऊक होतं तेवढं सगळं सांगून झालं. मग शेवटचा हुकमी पत्ता म्हणून एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. 'बघा तरी. हीसुद्धा लालच आहे.'

मावशींनी ती उजेडात धरून फिरवून पाहिली.

'लाल हाय वो दादा,' त्या म्हणाल्या, 'पन टोचत नाय ना.'