आईला विचारलं का?

‘सत्य घटनेवर आधारित’ असं पोस्टरवर आलं की तिकीटबारीवर वजन पडतं. ज्यांच्या घरात ती घटना घडली, त्यांना अनेकदा ट्रेलर पाहूनच कळतं.

नोव्हेंबर २००८. मुंबईच्या ताज हॉटेलमधला २६/११ चा गोळीबार नुकता थांबलेला. मुख्यमंत्री विलासराव देशमुख पाहणीला गेले. सोबत अभिनेता मुलगा रितेश आणि दिग्दर्शक रामगोपाल वर्मा. महाराष्ट्र संतापला, काही दिवसांत मुख्यमंत्रिपद गेलं. मार्च २०१३ मध्ये वर्मांचा २६/११ वरचा सिनेमा आलाच.

मग असे सिनेमे काढूच नयेत?

काढावेत. लोक विसरले तर सोय कुणाची होते? दोषींची.

१३ जून १९९७. दिल्लीचं ‘उपहार’ थिएटर, ‘बॉर्डर’चा खेळ, आग, ५९ बळी. दोन्ही मुलं गमावलेल्या नीलम आणि शेखर कृष्णमूर्तींनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, पुस्तक लिहिलं. त्यावरून जानेवारी २०२३ मध्ये ‘ट्रायल बाय फायर’ ही मालिका आली. ती थांबवा म्हणून कोर्टात कोण गेलं? याच आगीच्या खटल्यात दोषी ठरलेला थिएटरमालक.

स्थगिती मिळाली नाही. उत्तम झालं.

पुढच्याच महिन्यात ‘फराज’ आला. विषय ढाक्याच्या होली आर्टिझन बेकरीवरचा २०१६ चा हल्ला. त्यात मारल्या गेलेल्या दोन तरुणींच्या आया दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. सिनेमा थांबला नाही. खासगीपणाचा हक्क त्या माणसाबरोबरच संपतो, तो आईकडे वारशानं येत नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

दुःख मात्र आईकडेच राहतं.

१९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ आठवतो? आरोपींनी याचिका केली, खटल्यावर परिणाम नको म्हणून सिनेमा अडला आणि थेट फेब्रुवारी २००७ मध्ये पडद्यावर आला. आरोपीला न्याय्य खटला मिळायलाच हवा. पण आरोपीचं ऐकणाऱ्या कायद्यात मृताच्या आईसाठी साधी खुर्ची नसावी?

कुटुंबाला नकाराधिकार द्या, असं मी म्हणत नाही. तो दिला तर उद्या बडी घराणी आपापली पापं त्याखाली झाकतील.

पण विचारायला काय लागतं? ‘मेजर’ सिनेमावाले २६/११ मध्ये शहीद झालेल्या मेजर संदीप उन्नीकृष्णन यांच्या आईवडिलांना भेटले, त्यांना विश्वासात घेतलं आणि २०२२ मध्ये सिनेमा आणला. कुठे काय अडलं?

तेव्हा निर्मात्यांनो, पटकथा लिहायच्या आधी त्या घरी जा. शेवटचे क्षण दाखवायचे की नाही, हे तिथे बसून ठरवा. कमाईतला वाटा त्यांच्यापर्यंत पोचवा. तो उपकार नव्हे, देणं आहे.

आणि प्रेक्षकहो, तिकीट काढण्याआधी एवढंच शोधा: त्या घरी कुणी गेलं होतं का? गेलं नसेल, तर पैसे खिशातच राहू द्या.