इंजिनचा नंबर घासणाऱ्या कारागिरास

कारागिरा,

तुझं नाव-गाव माहीत नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. तुझा हात मात्र मी ओळखला. क्रँककेसवरची नंबराची जागा तू इतकी सपाट केलीस की अंगठा फिरवला तर कुठे चढ लागत नाही की उतार. आधी जाड डिस्क, मग फ्लॅप डिस्क, शेवटी पॉलिश पेपर. वर काळं ग्रीस आणि धूळ चोळून ती जागा जुनी दिसेल याचीही काळजी घेतलीस. आम्ही रॉकेलचा बोळा फिरवला तेव्हा तेवढंच ॲल्युमिनियम भोवतालच्या कास्टिंगपेक्षा उजळ निघालं आणि त्यावर ग्राइंडरच्या बारीक गोल रेघा दिसल्या. भोसरीतल्या कुठल्याही टूलरूममध्ये असल्या हाताला काम मिळालं असतं. एवढं कसब असून तू ते यासाठी वापरलंस, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

तुझा माल कुणाच्या गळ्यात पडला, तेही ऐक. इंजिनीअरिंगची मुलं माझ्या गाळ्यात एका सीटची रेसची गाडी बांधतात. फॉर्म्युला भारत नावाची स्पर्धा असते, तिच्यासाठी. चॅसिसच्या पाइपा स्वतः कापतात, जिगवर बसवून वेल्ड करतात, सस्पेन्शनचे आर्म स्वतः काढतात. इंजिन तेवढं विकत घ्यावं लागतं. नियमात ७१० सीसीपर्यंत मुभा असल्याने बरेच संघ मोटरसायकलचं इंजिन घेतात, आणि केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन त्यांच्या आवडीचं. ते बनलंही इथेच, बजाजच्या चाकणच्या कारखान्यात. नव्याचा भाव परवडत नाही, म्हणून मुलांनी घरोघर हात पसरून वर्गणी काढली आणि चिखलीच्या बाजूच्या एका भंगार गोदामातून जुनं आणलं. बिल मागितलं तर ‘देतो नंतर’ म्हणून त्यांची बोळवण झाली.

तू आरामात म्हणशील, ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला कुठली आरटीओ आणि कसला नंबर? मुलांपैकी एकानेही हेच विचारलं. त्याला जे सांगितलं तेच तुला सांगतो. चोरीच्या मालाचा कायदा ट्रॅक आणि रस्ता असा भेद करत नाही. माल चोरीचा आहे असं मानायला कारण असताना तो कुणी बेइमानीने जवळ ठेवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि घासलेल्या नंबराहून मोठं कारण दुसरं कुठलं असणार? एकोणीस-वीस वर्षांची पोरं आहेत ही. पुढे कॅम्पसमधून नोकरीला लागायची, पासपोर्ट काढायची. त्यांच्या टेबलावर तू पोलीस केस आणून ठेवलीस.

नंबर नसलेलं इंजिन नेहमी चोरीचंच असतं असं नाही, हे मलाही ठाऊक आहे. क्रँककेस फुटला म्हणून कंपनीकडून नवा घेतला तर तो कोरा येतो. मग बिल, जुन्या नंबराचा पुरावा आणि आरटीओची परवानगी घेऊन नंबर पंच करून घ्यायचा. त्याला सरळ वाट आहे. पण कोऱ्या क्रँककेसला ग्राइंडर कशाला लागतो?

ओळीतल्याच एका गाळेवाल्याने मदतीचा हात पुढे केला. पंचचा सेट आहे, हवा तो नंबर ठोकून देतो म्हणाला. मी त्याला हात जोडले. खोटा नंबर ठोकला असता तर तुझं अर्धं राहिलेलं काम आमच्या हातून पुरं झालं असतं.

आपल्याकडे लोक भंगारातून गाड्या बनवतात आणि मला त्यांचा अभिमान आहे. सांगलीच्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी ती पाहिली, ती नियमात बसत नाही हे उघड सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. लोहारांनी आपलं काम जगासमोर ठेवलं, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. तुझ्यामुळे असल्या प्रत्येक कारागिराच्या गाडीकडे आधी संशयाने पाहिलं जातं. आणि नंबर किती जड असतो, हे आपल्या राज्याने बड्या गाड्यांच्या बाबतीतही पाहिलं आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी एक डीसी अवंती जप्त केली, ती एकाच इंजिन आणि चॅसिस क्रमांकावर दोन राज्यांत नोंदणी झाल्याच्या आरोपावरून. खरं-खोटं न्यायालय ठरवील. पण एवढी देखणी स्पोर्ट्स कार अडली ती धातूवरच्या चार अक्षरांपाशी.

इंजिन आम्ही पोलिसांच्या ताब्यात दिलं, लेखी अर्जासह. मुलांचे पैसे गेले. गाडीत इंजिनाची जागा रिकामी आहे आणि गिअर शिफ्टरचं काम थांबलं आहे, कारण आता कुठलं इंजिन मिळेल ते ठरल्याशिवाय माउंट बनवता येत नाहीत.

नंबर कायमचा गेला असं समजून तू निश्चिंत झोपत असशील, तर एक गोष्ट कानावर घालतो. पंच ठोकला की अक्षराखालचा धातूही दबतो, आणि वरचं अक्षर घासलं तरी तो दाब खाली उरतो. पोलादावर ॲसिडचं मिश्रण लावतात, ॲल्युमिनियमवर कॉस्टिक सोडा. दबलेला धातू भोवतालच्या धातूपेक्षा वेगळा खातो आणि अक्षरं पुन्हा उमटतात. पुण्यात गणेशखिंडला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, तिथे ही विद्या येते. फार खोल घासलं असेल तर मात्र काही हाती लागत नाही, आणि तू बरंच खोल गेला आहेस.

म्हणून तुझ्याकडेच मागतो आहे. डिस्क टेकवण्याआधी तू तो नंबर वाचला असशीलच. त्या नंबराच्या मागे कुणीतरी आहे. चाकणच्या लाइनवर तिसऱ्या पाळीत उभा राहून, हप्त्यावर गाडी घेतलेला एखादा मुलगा असेल. गाडी गेली तरी बँकेचा हप्ता जात नाही. त्याच्या एफआयआरमध्ये तो नंबर लिहिलेला असेल, पण जुळवायला समोर काही नाही. एक साधं पोस्टकार्ड पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाला टाक, नाव लिहू नकोस. पूर्ण नंबर आठवत नसेल तर शेवटचे चार आकडे लिही, आणि गाडी कुणी आणून दिली तेही.