ओबी सर

आमच्या कॉलेजात एमबीएला ‘ऑर्गनायझेशनल बिहेविअर’ शिकवणाऱ्या गृहस्थांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलंय. बाकी सगळ्यांचे ते ओबी सर. माणूस असा का वागतो, हा त्यांचा विषय, आणि तो पार्किंगमध्येसुद्धा सुटत नाही. शिपाई उशिरा आला तर सर रागावत नाहीत. मास्लोच्या कुठल्या पायरीवर त्याची गरज अडलीय ते शोधतात. अडलेली असते पीएमपीची बस. गरजांची ही उतरंड मास्लोने १९४३ साली मांडली, पण तो प्रसिद्ध त्रिकोण काही त्याने काढला नव्हता, हे सर दरवर्षी बजावतात. बजावताना फळ्यावर त्रिकोण काढतात.

मग हॉथॉर्न. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२४ पासून प्रयोग झाले. दिवे वाढवले, काम वाढलं. दिवे मंद केले, तरी वाढलं. आपल्यावर कोणाचं तरी लक्ष आहे म्हटल्यावर माणूस जोर लावतो, असा अर्थ निघाला. (त्या आकड्यांवर पुढे बऱ्याच शंका घेतल्या गेल्या, पण परीक्षेत त्या विचारत नाहीत.) हे शिकवत असताना व्हरांड्यातून डायरेक्टर गेले की सरांचा आवाज एकदम चढतो. मुलं वहीत ‘उदाहरण’ असं लिहून घेतात.

पण सरांची खरी शान लिलावात. हा खेळ मार्टिन शुबिक या अर्थतज्ज्ञाने १९७१ साली मांडला. सर शंभराची नोट काढतात. बोली पाच रुपयांपासून, पाच-पाचने वर. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला नोट. मात्र दुसऱ्या नंबरवाल्यानेही आपली बोली भरायची, हातात काही न पडता. नव्वदपर्यंत सगळे हसत असतात. शंभरानंतर दोघंच उरतात, आणि कोणी थांबायला तयार नसतो. एकदा एकशेपासष्टपर्यंत गेलं. सरांनी खुशीत दोघांचे पैसे परत केले.

पुढच्या बॅचला सीनियर्सनी पढवून ठेवलं होतं. एकाने पाच रुपये म्हटलं आणि वर्ग गप्प. “आणखी कोणी?” सर विचारतायत, साठ जण पंख्याकडे बघतायत. नोट गेली. संध्याकाळी टपरीवर वडापाव झाले. त्यापुढच्या वर्षी सरांनी दोनशेची नोट काढली. मोह मोठा असला की एकी फुटते म्हणे. फुटली नाही. मग पाचशेची.

मी शेजारच्या वर्गात कॉस्टिंग शिकवतो. बुडालेला पैसा पुढच्या निर्णयात धरायचा नसतो, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात होऊन जातं. मी सरांना तसं म्हटलं. “बरोबर आहे,” ते उत्साहाने म्हणाले, “त्यालाच एस्कलेशन ऑफ कमिटमेंट म्हणतात. गुरुवारी तेच घेतोय, नोट काढून आणायला हवी.”

यंदा सत्र सुरू होतंय न होतंय तोच वर्गाचा सीआर स्टाफरूमच्या दारात उभा. “सर, लिलाव कोणत्या तारखेला? वडापाववाल्याला आदल्या दिवशी सांगावं लागतं.”

सरांनी डायरी उघडून तारीख दिली. तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “विद्यार्थ्यांचा सहभाग कसा वाढतोय, पाहिलंत?”