फक्त नव्या बुकिंगसाठी

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. पाण्यावरचं वाहन म्हणाल, तर सरदार सरोवराच्या फुगवट्यात अक्कलकुवा-धडगावच्या बुडीत गावांकडे जाणाऱ्या बोटी आणि आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना. तिथं बाल्कनीची खोली मिळत नाही. बोट आली एवढ्यावर गाव खूश असतं.

तरीही नंदुरबार-शहाद्याच्या घरांतून हल्ली क्रूझचे बेत शिजू लागलेत. पूर्वी माणूस निवृत्त झाला की चारधाम करायचा. मग दुबई आली. आता सिंगापूरहून निघणारं जहाज आलंय. मुलगा पुण्यात, पैसे ऑनलाइन, आणि आईवडील चाकाच्या नव्या बॅगा घेऊन नंदुरबार स्टेशनवर. फलाटावरचा हमालसुद्धा विचारतो, ‘सर, फॉरेन का?’

आमच्या ओळखीतले एक निवृत्त मुख्याध्यापक यंदा या लाटेवर बसले. चार रात्रींची सफर, बाल्कनीची खोली, दोघांचे मिळून एक लाख साठ हजार. आधी बुकिंगची रक्कम भरली, मग ठरल्या तारखेला उरलेले सगळे पैसे. सर शिस्तीचे. पावतीची प्रिंट काढून त्यांनी ती लॅमिनेट करून घेतली. पंधरवडा उलटायच्या आत पुतण्यानं मोबाइल पुढं धरला. तेच जहाज, तीच तारीख, तीच बाल्कनी. भाव, एक लाख अठरा हजार.

वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘बेचाळीस हजार वाचत असते, तर मी खिडकीतूनही समुद्र बघितला असता.’

सरांनी एजंटाला फोन लावला. संभाषण स्पीकरवर होतं, म्हणून शब्दशः सांगता येतं.

‘सर, ती ऑफर फक्त नव्या बुकिंगसाठी आहे.’

‘मग माझं नवं करा.’

‘करू ना सर. आधी जुनं रद्द करावं लागेल.’

‘रद्द केलं तर किती कापता?’

‘आजच्या तारखेला पन्नास टक्के.’

सरांनी आयुष्यभर गणित शिकवलं. ऐंशी हजार कापून घ्यायचे आणि वर एक लाख अठरा हजार भरायचे. म्हणजे स्वस्त खोली एक लाख अठ्ठ्याण्णव हजारांना पडणार. बेचाळीस हजार वाचवायला अडतीस हजार जास्त. दहावीच्या पेपरात असं गणित आलं असतं, तर पालकांनी बोर्डावर मोर्चा नेला असता.

आता हा भाव पैसे भरल्यावरच का उतरतो? सरांना वाटतं कंपनी त्यांच्या पावतीवर डोळा ठेवून बसली होती. तसं नाही, पण फार वेगळंही नाही. जहाज कंपन्यांची उरलेले पैसे भरण्याची शेवटची तारीख असते. छोट्या सफरींना ती साधारण 75 ते 90 दिवस आधी येते, लांबच्या सफरींना त्याहून आधी. ती जवळ आली की नुसती बुकिंगची रक्कम देऊन खोली अडवून बसलेले लोक पाय मागं घेतात. कुणाचं लग्न निघतं, कुणाची रजा नामंजूर होते. तारीख उलटली की खोल्या मोकळ्या होतात आणि जहाज खरोखर किती रिकामं आहे ते कंपनीला पहिल्यांदा कळतं. रिकामी खोली घेऊन जहाज निघालं, की त्या खोलीची किंमत शून्य. उलट कमी भावात का होईना माणूस आत आला, की तो दारू पिणार, कॅसिनोत बसणार, फोटो घेणार, बंदरावरच्या सहलीला पैसे मोजणार. म्हणून भाव उतरवून भरती होते. याचा अर्थ असा, की ज्यानं वेळेवर पैसे भरले त्याच्या शिस्तीमुळं कंपनीला कळलं, बेशिस्त लोकांसाठी किती खोल्या उरल्यात.

सर हा न्याय मागायला आमच्या एका मिरची व्यापाऱ्याकडं गेले. नंदुरबारात भावाच्या तक्रारीला याहून वरचं कोर्ट नाही. हंगामात बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांच्या रांगा लागतात. लिलाव होतो, माल पथारीवर पसरला जातो, आणि मग व्यापारी आभाळाकडं बघत बसतो. वाळायला टाकलेल्या मिरचीवर अवकाळी पाऊस पडला की लाल माल पांढरा पडतो. त्यात बाजारही पडला तर दुप्पट मार.

व्यापाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, ‘सौदा व्हयना ते व्हयना, सर. मी माल घेतला, पथारीवर टाकला, चार दिवसांनी भाव पडला. मी काय शेतकऱ्याच्या घरी फरक मागायला जातो?’

सर गप्प. खरं तर इथंच सदर संपायला हवं होतं. युक्तिवादात खोट नाही. भाव चढला असता तर सर कंपनीला फोन करून ‘घ्या हो, वरचे पाच हजार घ्या’ म्हणाले असते काय? नसतेच म्हणाले. मग उतरलेल्या भावावर हक्क कसला?

पण व्यापारी ज्याला सौदा म्हणतो, त्यात दोघांचे हात बांधलेले असतात. शेतकऱ्यानं वजन करून दिल्यावर तो ‘डिझेल वाढलं, किलोमागं दोन रुपये आणखी टाका’ असं सांगायला येत नाही. जहाजाच्या करारात हे चालतं. बारीक अक्षरांची ती पानं एकदा वाचाच. पूर्ण पैसे भरलेल्याकडूनसुद्धा इंधनाचा अधिभार घेण्याचा हक्क बहुतेक कंपन्या राखून ठेवतात. बंदराचे आणि सरकारी कर वाढले तर तो फरक तुमच्या माथी. हवामान बिघडलं, एखादं बंदर गाळलं, मार्ग बदलला, तर बदलाचा अधिकारही कंपनीचा. म्हणजे भाव चढायला खिडकी उघडी आणि उतरायला भिंत. हा मिरचीचा सौदा नव्हे. पैसे भरेपर्यंत तुम्ही गिऱ्हाईक असता, भरल्यावर नुसते प्रवासी.

यात विलायती जहाजांना तरी एकटं का झोडायचं? आपल्या रेल्वेचंच बघा. 22 जानेवारी 2013 पासून भाडी वाढली. ज्यांनी आधीच तिकिटं काढून ठेवली होती, त्यांच्याकडून गाडीत टीसीनं फरक घ्यावा, असा हुकूम निघाला. आधी पैसे भरले म्हणून कुणाची सुटका नाही. सप्टेंबर 2016 मध्ये राजधानी, शताब्दी, दुरांतोला ‘फ्लेक्सी’ भाडं लागू झालं. दर दहा टक्के जागा भरल्या की भाडं दहा टक्क्यांनी चढतं. नावात लवचिकता, पण वाकतं एकाच बाजूला.

गेल्या वर्षीची गंमत तर ताजी आहे. 15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होण्याची घोषणा झाली. 27 ऑगस्टला गणपती बसले. घरोघरी मुहूर्ताची खरेदी झाली. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, मोठ्या टीव्हीवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला. बाप्पासमोर टीव्ही आणणाऱ्यानं दहा टक्के जास्त कर भरला, देवीसमोर आणणाऱ्यानं वाचवला. त्या टीव्हीवाल्यांपैकी कुणी अर्थ मंत्रालयाला फोन लावल्याचं ऐकिवात नाही. सगळ्यांनी शेजाऱ्याकडं रागानं बघितलं आणि मालिका लावली.

समुद्रावरच्या भाड्याचा तर इतिहासच असा आहे. 1906 साली तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळे यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. जहाज मिळवायला ते थेट मुंबईपर्यंत आले होते. कोलंबोच्या वाटेवर स्वदेशी जहाज धावू लागल्यावर गोऱ्यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीनं भाडं उतरवत उतरवत शेवटी फुकट न्यायची तयारी दाखवली, वर उतारूला छत्री भेट. त्या आधीच्या आठवड्यात पूर्ण पैसे मोजून गेलेल्या उतारूचं काय झालं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. छत्री मात्र इतिहासात राहिली. मुद्दा एवढाच, की जहाजाचं भाडं खर्चावर ठरत नाही. समोर कोण उभं आहे आणि किती खोल्या रिकाम्या आहेत, यावर ठरतं.

मग सरांनी काय करायचं? ग्राहक आयोगात जायचं? जिल्हा आयोग नंदुरबारातही आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ‘अनुचित करार’ ही कल्पनाही आणली. पण भाव उतरला एवढ्याच कारणावर तिथं केस तगणं अवघड. फसवणूक वेगळी, हळहळ वेगळी. हळहळीला कलम नाही.

जे चालतं ते साधं आहे, आणि मराठी माणसाला ते करायची लाज वाटते: मागणं. नेमकं, लेखी आणि वेळेवर मागणं. पूर्ण पैसे भरण्याआधी भाव उतरला, तर बहुतेक ठिकाणी नव्या भावानं बुकिंग करून मिळतं, पण कंपनी स्वतःहून फोन करत नाही. परदेशातल्या काही कंपन्या बुकिंगनंतरच्या पहिल्या 48 तासांत कमी भाव दाखवला तर फरक देतात. अट एकच, दाखवायचा तुम्ही. पूर्ण पैसे भरल्यावर रोख परत मागू नका, नकारच मिळेल. वरच्या दर्जाची खोली मागा, जहाजावर खर्चायची रक्कम मागा. रिकाम्या खोलीचा कंपनीला काही उपयोग नसतो, हे वर सांगितलंच. तिच्याकडून ती काढून घेणं रोख काढण्यापेक्षा सोपं. एजंटाकडून बुकिंग केलं असेल तर कंपनी थेट तुमच्याशी बोलत नाही. ईमेल त्यानंच करायचा असतो, आणि त्याचं कमिशन जुन्या भावावर ठरलेलं असतं. तो ईमेल का विसरतो, हे आता वेगळं सांगायला नको.

सरांनी ईमेल करवून घेतला. मजकूर स्वतः लिहिला, तोही मुख्याध्यापकी भाषेत: ‘एकाच वर्गातल्या दोन विद्यार्थ्यांना दोन फिया कशा?’ एजंटानं त्याचं इंग्रजी करून पाठवलं. आठवड्यानं उत्तर आलं. पैसे परत मिळणार नाहीत, मात्र सद्भावना म्हणून जहाजावर खर्चायला शंभर डॉलर जमा केले जातील. खर्च न झालेली रक्कम परत मिळणार नाही. सरांना प्रश्न पडलाय, शाकाहारी आणि निर्व्यसनी दाम्पत्यानं चार रात्रींत जहाजावर शंभर डॉलर उडवायचे कसे? वहिनींनी उत्तर शोधलंय. त्या स्पामध्ये पाय चेपून घेणार आहेत, नवरा बाल्कनीत बसून बेचाळीस हजारांचा समुद्र बघेल.

शेजारच्या खोलीत एक लाख अठरा हजारांचं जोडपं असणारच आहे. सरांना माझी एकच विनंती आहे, नाश्त्याच्या टेबलावर त्यांना ‘तुम्ही किती दिले’ असं विचारू नका. आपल्याकडं ओळख झाल्यावरचा तो पहिला प्रश्न असतो, ठाऊक आहे. पण त्या चार दिवसांत तरी तोंड आवरा.

आणि सदर वाचून ज्यांची बोटं बुकिंगकडं वळली असतील त्यांना सांगतो. शेवटचा हप्ता भरण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दूधवाल्याचा हिशेब लिहिता तिथंच. त्या तारखेच्या दोन दिवस आधी भाव बघा, उतरला असेल तर एजंटाच्या मागं लागा, आणि नव्या भावाची पावती हातात आल्याशिवाय उरलेले पैसे सोडू नका. रद्द केल्यास कोणत्या तारखेला किती कापणार, हा तक्ता बुकिंग करतानाच मागून घ्या. पैसे भरल्यावर मात्र भाव बघणं बंद. पुतण्याला घरात मोबाइल काढू देऊ नका. तेव्हा बघायची गोष्ट एकच, पासपोर्टची मुदत. सिंगापूरला ती किमान सहा महिने शिल्लक लागते, आणि ती संपत आली असेल तर जुनं बुकिंग काय नि नवं काय, दोघांनाही जहाजात घेत नाहीत.